मडक्याला पांघरूण

सिलिगुडी,
३ डिसेंबर १९८६

चि. जसमती हिस,
अ. आ.

पुनमायाला मुलगी झाली, मी मावशी झाले. बाळ ठणठणीत आहे, पण पुनमायाचा ताप उतरत नाही. मला इतक्यात निघता येणार नाही. दवाखान्यात रद्दीतली पुस्तकं वाचत बसते. नर्सने विचारलं, कितवीपर्यंत शिकलात? मी म्हटलं, चुलीपर्यंत.

जीव मात्र मडक्यात अडकलाय. तुझ्या दादांनी पेरलेली शेवटची नाचणी शिजवून, मर्चाची, त्या आंबवणाच्या वडीची, पूड कालवून आंबायला ठेवून आले. महिनाअखेर त्यांच्या वर्षश्राद्धाला तिच्यावरच गरम पाणी ओतून केलेली दारू त्यांच्यापुढे ठेवायची आहे. बिघडली तर त्यांच्या हातची दुसरी नाचणी कुठून आणू?

वरचा कोळसा आणि मिरची हलवू नकोस, नजर लागते. झाकण काढून नाक खुपसायचं नाही, तुझी खोड मला ठाऊक आहे. नुसता कान लाव. आत कुजबुज असली की सगळं ठीक.

तुझी वहिनी,
सुकमाया


दाराप,
१२ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला भाची झाली, आनंद झाला. नाक कुणावर गेलंय ते कळवा.

इथे थंडी फार पडली. परवा कान लावला तर आत चिडीचूप, आणि मडकं गारढोण. शेजारची धनमती आजी म्हणाली, मेली गं तुमची नाचणी, घाल कोंबड्यांना. मी म्हटलं, कोंबड्या तुमच्याइतकी पीत नाहीत.

घोंगड्या तुम्ही कुलपात ठेवून गेलात. म्हणून खुंटीवरचा दादाचा जाड कोट काढून मडक्याला गुंडाळला आणि बाह्या पुढे बांधल्या. आजी कुरकुरली, गेलेल्याचे कपडे घरात ठेवतात का? पण आज सकाळी आत कुजबुज सुरू झाली! कडेने थोडा रस पाझरून कोटाला लागलाय. तुम्ही आलात की धुऊन टाकू.

बाळाला गोड पापा.

तुमची,
जसमती


सिलिगुडी,
१९ डिसेंबर

चि. जसमती हिस,
अ. आ.

तुझं पत्र दवाखान्याच्या पायरीवर वाचलं आणि कोटापाशी अडले. तो कोट मी वर्षभर धुतला नव्हता. संध्याकाळी कॉलरशी नाक न्यायची. धूर, तंबाखू आणि ते. आता त्याला नाचणीचाच वास असेल. तुला चार शब्द सुनावणारं पत्र लिहिलं आणि फाडलं. तुला कसं ठाऊक असणार? मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

पुनमायाचा ताप गेला, पण तिला अजून उठवत नाही. वर्षाला मी पोचणार नाही. नाचणीवर पहिलं पाणी तूच ओत. कडकडीत ओत, कोमट असलं की ते रुसायचे. पुढे ठेवलंस की लगेच कामाला पळू नकोस. जरा बस त्यांच्यापाशी.

तोवर कोट काढू नकोस. खिडकीतून वारा येतो, नुसत्या बाह्या बांधून भागायचं नाही. गुंड्या लाव. गळ्याची तर नक्की लाव. ती ते मला कधी लावू द्यायचे नाहीत.

माया आहेच, ती असू दे.

तुझी वहिनी,
सुकमाया