नळातली हवा

४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू आतड्यांची सर्जन झाल्यापासून घरात कुणी पोट दुखतंय म्हणायला धजत नाही, तरी सांगतो. लघवीला पुन्हा जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या. घेतल्या की बरं वाटतं, संपल्या की पुन्हा तेच रडगाणं.

एक गंमत सांगतो. बंद केलेलं पाणी सोडलं की नळ जसा फुसफुसतो, तसा हल्ली लघवीला मीही फुसफुसतो. प्लंबिंगमध्ये जन्म गेला, अंगाला लागायचंच! लाइनीत अडकलेली हवा आपोआप निघून जाते, म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. नव्या इमारतीचं काम संपलं की येतो.

लोभ पूर्ण दाबाने असावा.

दादा

९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी गंमत वाचून मी ताडकन उठले. माणसाच्या लघवीत हवा आपोआप शिरत नाही. मागे डाव्या ओटीपोटात कळा येऊन ताप आला होता, तो तू अंगावर काढलास. मोठ्या आतड्याला छोटे फुगवटे येतात. त्यातला एखादा सुजून मूत्राशयाला चिकटला आणि मधे भोक पडलं असणार. त्या वाटेला फिस्टुला म्हणतात. गोळ्यांनी जळजळ दबते, भोक बुजत नाही. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले तर जिवावर बेतेल. लगेच सीटी स्कॅन कर, दुर्बिणीने आतडंही तपासून घे. इमारत कुठे पळून जात नाही.

वहिनीला फोन केलाय, आता तुझी सुटका नाही. राग आला तरी लोभ ठेव.

धाकटी

२० जून

चि. धाकटीस अ. आ.

तुझंच खरं निघालं. स्कॅनमध्ये मूत्राशयात हवा दिसली. कॅन्सर नाही. पण ऑपरेशनला मी तयार नाही. पोटाला संडासची पिशवी लावून लोकांच्या बाथरूममध्ये कसा वाकू? मरणाला इतका भ्यालो नसतो गं. पिशवी लागणार नाही असं लिहून दे, मग येतो.

दादा

२५ जून

ती. दादास सा. न.

लिहून देणार नाही. आतड्याचा खराब तुकडा काढून टोकं जोडायची आणि मूत्राशय शिवायचं, एवढंच काम आहे. बहुतेकांना पिशवी लागत नाही, लागली तरी सहसा काही महिन्यांपुरती. सख्ख्या भावावर माझा हात चालणार नाही, माझे सर ऑपरेशन करतील. जोड झाला की ते पोटात पाणी भरतात, आतड्यात हवा सोडतात आणि बुडबुडा येतो का बघतात. फरशी बसवू देण्याआधी तूही लाइन तपासतोसच ना? अडकलेली हवा आपोआप निघून जाते, हे त्यांना सांगून बघ.

ये. मी तिथे असेन.

धाकटी

२ ऑगस्ट

चि. धाकटीस उदंड आशीर्वाद.

पिशवीवाचून निभावलं. बुडबुड्याची वाट बघताना तू श्वास रोखून धरला होतास, असं तुझे सर सांगत होते.

काल तुझ्या वहिनीच्या फोनने घाबरली असशील, म्हणून खरं काय ते लिहितो. लघवीची नळी काढल्यावर घरी पहिल्यांदा निवांत बाथरूममध्ये गेलो, कडी लावली. साधी धार, ना आवाज, ना जळजळ. तिथेच रडू फुटलं. वहिनी बाहेरून दार बडवत काय झालं विचारत होती, मला बोलता येईना. तिला वाटलं जोड सुटला, आणि तिने तुला फोन लावला. मला ठसका लागला होता असं मी नंतर फोन घेऊन तुला सांगितलं, ते खोटं होतं.

लोभ आहेच, आता कुठे गळत नाही.

दादा