मिठागरातला बूट

२८ सप्टेंबर १९५२, दसरा
राजीनामा टपालात टाकला. अकरा वर्षांची कारकुनी संपली. ठाण्यात कोपरीच्या रस्त्याला गाळा घेतलाय. खाडीकाठच्या मिठागरांत दोन हजार माणसं अनवाणी काम करतात. म्हणजे चार हजार पाय, आणि एकातही बूट नाही! हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही? सरोज म्हणाली, त्यांनी मागितलेत का बूट? बायकोला धंद्यातलं सांगायचं नाही, असं आजपासून ठरवलं.

६ ऑक्टोबर
काळुराम नावाचा कारागीर ठेवला. वयाने मोठा आहे, पण मी अरेतुरेच करतो. मालकाने अंतर राखावं. तो म्हणे, साहेब, खाऱ्या पाण्यात खिळे गंजतात, बुटाचा तळ हाताने शिवू. जोडीला दोन दिवस! मी म्हटलं, खिळेच मार. मी इंटरपर्यंत शिकलोय.
धडा पहिला: कारागिराचं ऐकत बसलं तर कारखाना कधीच निघत नाही.

१९ ऑक्टोबर
मिठागरात गेलेलो. हंगामाआधी तिथला चिखल दिवसभर पायांनी तुडवून पक्का करतात. बूट दाखवले तर सगळे हसले. हसू देत. धाकू म्हणून पन्नाशीचा गडी आहे. तो म्हणाला, आमचे पायच आमचे बूट, शेठ. मग मुकादमाला एक जोडी भेट दिली. त्याने धाकूला हुकूमच केला. अट: एक महिना बूट पायातून काढायचे नाहीत, मग जोडी त्याची. धाकूने मान डोलावली. नमुन्याला असाच भिडस्त माणूस हवा.

२ नोव्हेंबर
धाकू लंगडतोय. आत काहीतरी टोचतं म्हणतो. नवा बूट चावतोच. मॅट्रिकला असताना मलाही चावलेला, मी बोललो का? काळुराम म्हणतो, खिळा वर आला असेल, बूट काढून बघू. काढला की महिना मोडला. नाही म्हणून सांगितलं.

९ नोव्हेंबर
पाचशे हँडबिलं छापून आली. 'मिठागरातले अनुभवी धाकू म्हणतात, पायाला स्वर्गसुख!' त्याला वाचून दाखवायला गेलो, तर कामावर नाही. ताप आहे म्हणे. हवा बदलतेय, इकडे बऱ्याच जणांना आहे.

१० नोव्हेंबर
त्याच्या घरी जायचं ठरवलेलं. राहून गेलं. दुकानाला रंग द्यायचा होता.

१७ नोव्हेंबर
धाकूचा उजवा पाय हॉस्पिटलात घोट्याच्या वर कापला. खिळा टाचेत शिरलेला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणला असता तर वाचला असता. मग आणायचा ना! मला वेळेवर कुणी काही सांगितलंच नाही. काळुराम हत्यारं उचलून निघून गेला. बेइमान. सरोज आमच्या डोंबिवलीच्या घरून धाकूसाठी डबा घेऊन गेली, आणि माझ्याशी बोलत नाही.
धडा: नमुन्याला तरुण माणूस घ्यावा. हँडबिलांवर नाव बदलता येईल का, छापखान्यात विचारायचं.

३० नोव्हेंबर
धाकूची बायको शेवंती दुकानात आली. भांडायला आली असणार. माझी उत्तरं तयार होती: मुकादमाचा हुकूम, काळुरामचं काम, धाकूचं वय. तिने फडक्यातून दोन्ही बूट काढून काउंटरवर ठेवले. धुतलेले, तेल लावलेले. उजव्यातला डाग काही केल्या जात नाही, म्हणून तिने माझी माफी मागितली.
मी विचारलं, परत कशाला आणलेस? ती म्हणाली, "तापात पन त्यांनी बूट सोडला नाय, शेठ. हॉस्पिटलात कापून काढाया लागला. पन मैना पुरा नाय झाला, दोन दिस कमी परले. मंग बूट आमचे कसे?"
ती गेल्यावर बघितलं. उजव्या बुटाची कापलेली बाजू तिने दोऱ्याने शिवून आणलेली.
दुपारपासून दुकानात बसून आहे. एकही गिऱ्हाईक आलं नाही. बरं झालं. आज मला कुणाच्याच पायांकडे बघवलं नसतं.