कव्हरवरचं पैंजण

लोणावळा, शुक्रवार

प्रिय रंजना,

पत्र बघून हसशील. दिवसातून दहा वेळा व्हॉट्सअॅपवर डोकं खाणाऱ्या बाईला आता कागद-पेन कुठून सुचलं, म्हणशील. हे फोनवर पाठवता येण्यासारखं नाही, एवढंच आत्ता समज. चहा घेऊन बस, शेवटपर्यंत वाच, आणि तुला माझी शपथ आहे, मध्येच फोन करू नकोस.

तुझ्या कव्हरबद्दल लिहायचंय. चिक्कीच्या खोक्यांवर धबधबे काढून पोट भरणारी मी. राजेंद्र प्रकाशकांनी तुझ्या 'एका पायातलं' पुस्तकाचं कव्हर माझ्याकडे दिलं तेव्हा घरभर नाचले होते. माझं नाव तूच सुचवलंस, हे मागाहून कळलं. पहिल्या कव्हरवर मी भाताची आवणी काढली. खाचरात वाकलेल्या बायका, वर ढग, सगळं हिरवंगार. लगेच तुझा मेसेज, की अगं बये, आवणी करताना माणूस मागं मागं सरकतं, तुझ्या बायका पुढं निघाल्यात, लावलेली रोपं तुडवत! वडिवळ्याची असून तुला एवढं ठाऊक नाही? मेले मी लाजेनं. तुझी आई आमच्या खाचरात दिवसभर वाकलेली असायची आणि मी बांधावर शेंगा खात बसायचे, मग असंच होणार.

मग राजेंद्रांनी माझी शाळा घेतली. कव्हरनं सगळी गोष्ट सांगायची नसते म्हणाले, एकच वस्तू दाखवा. दुकानात पाच पावलांवरून ओळखू आली पाहिजे आणि मोबाइलवर नखाएवढी झाली तरी डोळ्यांत भरली पाहिजे. पटलं मला. आणि तुझ्या पुस्तकात एकच वस्तू म्हणजे ते पैंजण. ते हरवतं, आईवर आळ येतो, तिचं काम सुटतं, पैंजण काही कधी सापडत नाही. आणि शेवटच्या प्रकरणात मोठी झालेली मुलगी मनातल्या मनात आईला माफ करते, की माझ्या शाळेसाठीच चोरलंस ना, जाऊ दे. ते प्रकरण वाचून मी दोन दिवस कॉम्प्युटर उघडला नाही. तिसऱ्या दिवशी चिखलाच्या रंगावर एकच चांदीचं पैंजण काढलं, खाली पांढऱ्या अक्षरांत नाव. राजेंद्र खूश. तुला तर रडू आलं. तुझ्या माधवीताईच्या साखरपुड्यात बघितलेलं, त्यावर कोरलेल्या मासोळ्यांसकट हुबेहूब कसं आठवलं तुला, असं विचारलंस. आणि वर, एक घुंगरू तुटलेलं का दाखवलंस? मी एक हसरा चेहरा पाठवला आणि फोन पालथा ठेवला.

परवा कुरवंड्याला जाऊन आले, तुझ्या आईकडे. कव्हरच्या मागच्या बाजूला हातांचं रेखाचित्र हवं, असं निमित्त सांगितलं. सावित्रामावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हात काढून होईपर्यंत एकसारख्या बोलत होत्या. रंजीच्या पुस्तकात म्या हाय न्हवं, म्हणाल्या. फोटु मातर नगं टाकू पोरी, लोक म्हनतील म्हातारी लय मिरवती. प्रकाशनासाठी तुझ्या भावानं, लखननं, त्यांना नवं लुगडं आणलंय, ते दोनदा उघडून दाखवलं. लखनची मुलगी रोज दोन-दोन पानं वाचून दाखवणार आहे म्हणे. मग आपणहून म्हणाल्या, तुमच्याकडचं काम सुटलं तवा भुशीच्या धरनावर जाऊन कणसं भाजाया बसले, त्या पैशातनं पयलं रंजीचं दप्तर घेतलं. मी पेन्सिल खाली ठेवली गं.

त्या दप्तराबद्दल तू पुस्तकात चार पानं लिहिली आहेस. कुठून आलं, हे तू त्यांना कधी विचारलं नाहीस. मी तुला बोल लावत नाहीये. तुला विचारायची भीती वाटावी अशी वेळ आणली कुणी?

आपण पाचवीत होतो. साखरपुड्यानंतरच्या आठवड्यात ताईचे पैंजण मी न विचारता पायांत घातले आणि खाचरातून पळत सुटले. घरी आले तेव्हा एकाच पायात होतं. ते गुपचूप डब्यात ठेवून दिलं. ताईनं रडून घर डोक्यावर घेतलं, आईनं विचारलं घरात कोण आलं होतं, आणि मी म्हणाले, सावित्रामावशी आल्या होत्या, न्याहारीची पाटी न्यायला. खरंच आल्या होत्या. मी एक अक्षर खोटं बोलले नाही रंजना, आणि इतकं खोटं आयुष्यात पुन्हा कधी बोलले नाही. कुणी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशींना कामाला बोलावलं नाही, बस. गावानं काय ते ओळखलं.

पुढच्या वर्षी चिखलणीत आबांच्या औताला अडकून ते वर आलं. आईनं राखेनं घासून कपाटाच्या तळाशी ठेवलं, म्हणाली, आता कशाला बोभाटा. तुमच्या वाडीवर सांगायला कुणी गेलं नाही. मीही नाही. नंतर दहावी झाली, लग्न झालं, तू भेटत राहिलीस, हसत राहिलीस, आणि मी दर वेळी पुढच्या वेळेला सांगू म्हणत राहिले. भित्री कुठली! आई गेल्यावर कपाट आवरताना ते माझ्याकडे आलं.

येत्या सोमवारी छपाई ठरली होती. मी फाइल पाठवलेली नाही, राजेंद्रांना सांगितलंय की चूक माझ्याकडून झाली आहे. शेवटच्या प्रकरणाचं काय करायचं ते तू ठरव. पुस्तक तुझं आहे. पण त्या बाईला नवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवायचं आणि तिच्या नातीच्या तोंडून तिला चोर म्हणवायचं, हे माझ्या कव्हराखाली मी होऊ देणार नाही. तू म्हणशील त्या दिवशी कुरवंड्याला जाऊन मावशींपुढे मी स्वतः बोलेन. नंतर माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. कव्हर मी आठवून काढलं नव्हतं, समोर ठेवून काढलं होतं. पाकिटाच्या तळाशी कापसात गुंडाळलंय. जपून काढ, एक घुंगरू तुटलेलं आहे.

ठेवलीस तर तुझीच,
ज्योत्स्ना