दशहरीची पेटी

वृंदावन योजना, लखनौ
६ जुलै २०२५

प्रिय विभा,

अनेक आशीर्वाद. विश्वासरावांना नमस्कार सांग, आणि साखर जपा म्हणावं.

फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं वाटेल तुला. पण फोनवर तू सारखी 'मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही' म्हणतेस, मी नेटवर्कला शिव्या घालते आणि शेवटी दोघीही दमतो. अक्षर मुंगीएवढं आलंय, तेवढं सांभाळून घे. ओळ सुरू करताना ठीक असतं, मग बारीक होत जातं.

निवृत्त झाले तरी प्रयोगशाळा सुटत नाही. अधूनमधून जाते आणि पोरांच्या चुका काढते. अपूर्वा, माझी शेवटची विद्यार्थिनी, आता तिथेच शास्त्रज्ञ आहे. बाप कोल्हापूरचा, बँकेतला, पण पोरगी इथेच जन्मली, वाढली. मी मराठीत रागावते, ती हिंदीत उत्तर देते. आमचं छान जमतं.

आता तुझी तक्रार. यंदा मी पाठवलेल्या दशहरीच्या पेटीतले निम्मे आंबे कच्चे आणि काही चक्क सडके निघाले. 'ताई, नाक कुठे गहाण ठेवलंस?' म्हणालीस. मी हसण्यावारी नेलं.

पण त्यावरून कराडची अढी आठवली. माडीवरची अंधारी खोली, पेंढ्यात पसरलेले रायवळ आंबे. बाबा दिवा लावू द्यायचे नाहीत. मी देठापाशी वास घेऊन सांगायचे, हा आज, हा परवा. तू परकराच्या ओच्यात आंबे धरून मागे उभी. एकदा मला फसवायला तू तोच कच्चा आंबा पुन्हा हातात दिलास. 'हा मघाचाच' म्हटल्यावर रुसून जिन्यात जाऊन बसलीस. बाबा कितीतरी वेळ हसत होते.

त्या जिन्याचंही आठवतं. खालून आई जेवायला हाक मारायची, ती माडीपर्यंत यायची नाही. तू मध्ये असायचीस. तू ऐकायचीस, वर ओरडायचीस, मग आम्ही उतरायचो. पुढे जन्मभर मी मेंदूतल्या पेशींची हीच निरोपानिरोपी अभ्यासली. एक पेशी निरोप धाडते, दुसरी तो दारातच झेलून आत पोचवते, तेव्हा कुठे हात हलतो, पाय उचलतो. उतारवयातल्या एका आजारात हे निरोप धाडणाऱ्या पेशीच हळूहळू मरत जातात. तरी कित्येक वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. निरोप क्षीण झाला की ऐकणाऱ्या पेशी कान टवकारतात, झेलायला जास्त दारं उघडतात. तेवढ्यावर माणूस चालतो, बोलतो, भाषणंसुद्धा ठोकतो. हे मी किती वर्गांत शिकवलं असेल.

जूनमध्ये मलिहाबादच्या आमराईत तुझी पेटी भरायला गेले, तेव्हा अपूर्वा माझ्याबरोबर होती. मी नेहमीसारखा एकेक आंबा नाकाशी नेऊन पेटीत ठेवत होते. ती म्हणाली, 'मैम, ये तो बिल्कुल कच्चा है। आप सूँघ भी रही हैं, या बस रखे जा रही हैं?'

मी म्हटलं, 'गप. तुझ्या जन्माआधीपासून आंबे निवडतेय मी.'

खरं सांगते विभा, मला कशालाच वास येत नव्हता. मी रंगावर निवडत होते. आणि दशहरी तर पिकला तरी पुष्कळदा हिरवाच दिसतो. रंगावर जाणारा त्यात फसायचाच.

वास जाणं ही या आजाराची फार आधीची खूण. फळ्यावर मीच लिहायचे, आणि स्वतःच्या बाबतीत सर्दी म्हणत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. परतताना गाडीत माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता. अपूर्वानं तो धरला आणि एवढंच विचारलं, 'कब से?'

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. पार्किन्सन आहे. गोळ्यांनी बरं वाटतं, स्वयंपाक जमतो, बटणं लावायला मात्र वेळ लागतो. तू घाबरून जाऊ नकोस. मी घाबरलेय, तेवढं पुरे. घाबरलेय हे अजून कुणाला बोलले नव्हते.

दर वर्षी तू विचारतेस, 'ताई, आंब्यांना येऊ का?' आणि मी म्हणते, 'कशाला या भट्टीत, पेटी पाठवते की.' तुझ्या संसारातून तुला ओढायचं जिवावर यायचं, दुसरं काही नाही.

आता पेटी पाठवणार नाही. दशहरी संपत आला, पण चौसा आंबा अजून काही दिवस मिळेल. तू ये. या वेळी तू वास घे, मी ओचा धरून मागे उभी राहते. माझी हाक आता लांबवर जात नाही, म्हणून ही लिहून मारली.

गाडी कळव. चारबागला मी घ्यायला येईन. जरा हळू चालेन, तू फलाटावरच थांब.

तुझी,
सुहासताई