न झालेले दुसरे वाचन

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावीस, धंदा गेम कन्सोल दुरुस्ती, राहणार घड्याळवाले काकांच्या दुकानावरची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत, कोणाचाही धाक नसताना लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी लेखी दिले असून तो कागद मागे टाचला आहे. उद्या सकाळी आठला ऑपरेशन आहे आणि आज संध्याकाळी सहाच्या आत मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. शंभरातले पंच्याण्णव जण बरे होऊन घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. उरलेल्या पाचांचे काय चुकते, असे मी विचारले. ते म्हणाले, त्यांचे काही चुकत नाही. तेव्हापासून मला जास्त भीती वाटते.

नववीनंतर मी शाळेत गेलो नाही, म्हणून कायद्याची भाषा चुकली तर अर्थ धरावा. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. खाडाखोड दोन ठिकाणी आहे व दोन्हीकडे माझी सही आहे. एकूण कलमे सात. पहिली सहा कोणीही वाचावीत. सातवे सुतळीबद्दल आहे. सुतळी म्हणजे पूर्वी माझ्याच टेबलावर समोर बसून काम करणारा माझा जोडीदार. त्या कलमात मी तीन वर्षे लपवलेली गोष्ट आहे, आणि ती मी मेलो तरच उघड व्हावी अशी माझी इच्छा आहे.

कलम १. बँकेतली सर्व शिल्लक आणि खोलीची अनामत आईला मिळावी. औषधांच्या न फोडलेल्या पट्ट्या दुकानदार परत घेतो, त्या फेकू नयेत. माझ्या खोलीतला पंखा आईने तीनच्या पुढे लावू नये. पाते सैल आहे, हे मी सांगून सांगून थकलो.

कलम २. स्कूटर ताईला. पुढचा ब्रेक उशिरा लागतो, तो आधी बदलावा. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही ताईचेच, कारण आमच्या घरात कागद शेवटपर्यंत वाचणारी ती एकटी आहे.

कलम ३. भावोजींनी मला चारचौघांत ‘खेळण्यांचा डॉक्टर’ म्हटले होते. त्याच आठवड्यात त्यांनी टीव्हीचा रिमोट दुरुस्तीला दिला. तो चार वर्षांपूर्वीच दुरुस्त झाला आहे आणि दुसऱ्या खणात आहे. तो नवीन सेल घालून त्यांना द्यावा, म्हणजे चालत नाही असे म्हणायला जागा राहणार नाही. मी त्यांना माफ केलेले नाही, पण विषय मिटवला आहे.

कलम ४. सोल्डरिंगची हत्यारे आणि गरम हवेची मशीन मालकांच्या दुकानाला. मालकांनी मला हे काम शिकवले. माझ्या कामाच्या सहा वह्याही त्यांनाच द्याव्यात. “तुझी वही वाचण्यापेक्षा कन्सोल परत बिघडलेला परवडला,” असे ते म्हणतात. तरी द्याव्यात.

कलम ५. टेबलावर दोन कन्सोल उघडे आहेत. स्क्रू चुंबकाच्या पट्टीवर ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने लावले आहेत. पट्टी हलवू नये.

कलम ६. माझ्याबद्दल कोणी भाषण करू नये. मालक करणार नाहीत. भावोजी करतील, त्यांना ताईने आवरावे.

कलम ७. इथून पुढे मी सावकाश लिहीत आहे.

कन्सोल चालू केला की तो सर्वांत आधी एका चिपमध्ये लिहिलेले वाचतो. त्याला बायोस म्हणतात. मी कोण, माझे कार्ड कोणते, कोणत्या देशाची डिस्क घ्यायची, हे सगळे त्याला तिथून कळते. आमच्या दुकानाचे नाव एका कामासाठी होते. ती चिप काढून तिच्या जागी चौपट मोठी बसवायची, म्हणजे एका घराच्या चार खोल्या होतात. चिपचे दोन पाय उचलून त्यांना केसाएवढी तार जोडायची, आणि तारा मागच्या बाजूच्या दोन छोट्या स्विचपर्यंत न्यायच्या. स्विच वर-खाली केले की कन्सोल वेगळ्या खोलीत जागा होतो. पहिल्या खोलीत त्याचा मूळ बायोस जसाच्या तसा ठेवायचा, बाकीच्या खोल्यांत नवे.

मूळ चिपमध्ये त्या एकट्या कन्सोलचा गुप्त आकडाही असतो. दोन-दोन अक्षरांच्या सोळा जोड्यांचा. आतले कार्ड, ज्यावर खेळलेले सगळे साठते, ते या आकड्यानेच उघडते. आकडा गेला की कार्ड म्हणजे दगड. म्हणून मालकांचा नियम होता : मूळ चिप दोन वेगवेगळ्या माणसांनी, वाचण्यासाठी चिपला लावायचा चिमटा काढून पुन्हा लावून, दोनदा वाचायची. दोन्ही प्रती शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायच्या. मग कन्सोलवर पांढरी पट्टी चिकटवून दोघांनी सही करायची. पहिले वाचन, दुसरे वाचन. त्याशिवाय जुन्या चिपला किंवा तिच्यातल्या मजकुराला हात लावायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी वीजबिलाच्या काउंटरवर बसणाऱ्या एक बाई कन्सोल घेऊन आल्या. त्यांचे यजमान वारले होते. दोघे रोज जेवण झाल्यावर फुटबॉलचा गेम खेळत. ज्या दिवशी यजमानांना दवाखान्यात नेले, त्या दिवशीची मॅच मध्यंतराला थांबवलेली होती, एक-एक. ती त्या कार्डावर होती. बाईंच्या भावाने परदेशातून डिस्क पाठवल्या होत्या, त्या चालाव्यात म्हणून त्यांना खोल्यांचे काम करून हवे होते. “पण ती मॅच तशीच राहू दे,” एवढे त्या दोनदा म्हणाल्या.

पहिले वाचन मी केले. सुतळी तार आणायला बाजारात गेला होता. तो येईपर्यंत थांबायला हवे होते. पण पट्टीवर एक जागा रिकामी दिसली की मला चैन पडत नाही. मी स्वतःच्या वाचनावर विश्वास ठेवला आणि ‘दुसरे वाचन’ यापुढे सुतळीची सही मीच केली. मला ती चांगली जमते. सात वर्षे समोर बसून पाहिली होती.

मग मूळ बायोस मोठ्या चिपमध्ये पहिल्या खोलीत भरला, तो चालला नाही. प्रत तपासली तेव्हा दिसले की वाचताना चिमटा मधेच सरकला होता. पुढचा सगळा भाग कोरा होता. दुसरे वाचन नेमके हेच पकडण्यासाठी असते. जुनी चिप अजून हाती होती, पण मी तीच पुसून दुसऱ्या कामासाठी तयार करून ठेवली होती, कारण पट्टीवर दोन सह्या होत्या. त्यातली एक खोटी आहे हे मला माहीत असूनही माझा हात पट्टी पाहूनच चालला. गुप्त आकड्याच्या सोळापैकी तेरा जोड्या मिळाल्या. शेवटच्या तीन गेल्या.

मालकांनी पट्टी पाहिली. सुतळी म्हणाला, मी सही केलेली नाही. मालकांनी मला विचारले, त्याने तुझ्यासमोर केली का. मी हो म्हणालो.

त्यांनी त्याला त्याच दिवशी काढले आणि आजूबाजूच्या दुकानांना कारणही सांगितले. त्याच्याइतका स्थिर हात मी पाहिलेला नाही. आता तो लिफ्टच्या साखळ्यांना ग्रीस लावतो.

बाईंनी कार्ड आमच्याकडेच ठेवले. उघडले तर कळवा, म्हणाल्या. गेले वर्षभर माझ्या पलंगाखाली एक सेटअप चालू आहे. तो हरवलेल्या तीन जोड्यांच्या जागी पाच वेगवेगळे आकडे घालून कार्डाला विचारतो. पाच चुकले की कार्ड गप्प बसते. मग तो वीज तोडतो, परत जोडतो आणि पुढचे पाच विचारतो. वीज तोडणारी-जोडणारी रिले दर बारा सेकंदांनी टक वाजते. आईला मी चार्जर तपासतोय असे सांगितले आहे. सगळ्या शक्यता मिळून दोनशे छप्पन्न पाने होतात, एका पानाला चव्वेचाळीस तास लागतात. पान संपले की सेटअप थांबतो आणि माणसाने तपासून पुढे न्यावा लागतो. मी दोनशे एकाव्या पानावर आहे.

सबब हा सेटअप, कार्ड, पानांची वही आणि माझा सूक्ष्मदर्शक, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर सुतळीला मिळावे, आणि हे कलम मालकांना वाचून दाखवावे.

दुपारी दीडनंतर जोडलेला मजकूर. शाई तीच आहे.

साक्षीदार म्हणून मी घड्याळवाले काकांना वर बोलावले होते, आणि सुतळीला. होय, सुतळीलाच. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, फक्त माझी सही पाहायची असते, एवढे मला माहीत होते. त्याची खरी सही या कागदावर असावी असे मला वाटले. का, ते मला नीट सांगता येत नाही.

तो लिफ्टच्या कामावरून आला. हात पुसायला कापड मागितले. मला म्हणाला, “काय रे, इतका घाबरलायस? झडपच आहे. वॉशर बदलतात तसं.” मग पलंगाखालून टक ऐकू आली. त्याने मान तिकडे वळवली.

काका कोर्टासमोर वीस वर्षे घड्याळे दुरुस्त करत होते, त्यांना सगळे ठाऊक. चष्मा लावून त्यांनी सुतळीला विचारले, यात तुला काही सोडलंय का, कारण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते.

“हा मला काय सोडणार, काका? सोल्डरची रीळ?”

काकांनी माझ्याकडे पाहिले. नाही म्हणालो असतो तर कागद बाद झाला असता. होय म्हणालो तर तो विचारणार, काय सोडलं. मी कलम सात त्याच्याकडे फिरवले. त्याने ते उभ्यानेच वाचले. मधे रिले नऊ वेळा वाजली. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

वाचून झाल्यावर तो ओरडला नाही. म्हणाला, “तीन वर्षं मी स्वतःलाच विचारतोय. केली असेल का मी सही? केली आणि विसरलो असेन का? बायकोलाही म्हणालो, बहुतेक माझ्याच हातून झालं असेल.”



“आणि उद्या तू जगलास तर? हा कागद फाडणार होतास?”

मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा खोटे बोलणे मला शक्य नव्हते. मालकांपुढचे हो खोटे होते, हे खरे.

“म्हणजे मी सुटायचो तर तू मरायला हवं,” तो म्हणाला. “छान सोय केलीस रे. मेल्यावर कबुली कुणालाही देता येते. मेलेल्याला कोण बोलणार? वर लोक म्हणतील, बघा, किती प्रामाणिक होता.”

काका खिडकीतूनच म्हणाले, “कागदात कलम वाढवता येतं.”

सुतळी पलंगाशी उकिडवा बसला. किती पाने झाली ते विचारले, तारा पाहिल्या, एक जोड बोटाने दाबून पाहिला आणि हा गरम होतोय म्हणाला. मी म्हटले, घेऊन जा, आत्ताच. तो म्हणाला, आधी मालक. पायात चप्पल घालून तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

कलम ८. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहत नाही. ते आज, सही होताच लागू आहे. मी मेलो तरी, जगलो तरी. कलम सातमधील मजकूर खरा असून, तो माझ्या मृत्यूनंतरच उघड व्हावा ही वर लिहिलेली इच्छा मी रद्द करतो.

हे कलम मी दुकानाच्या काउंटरवर लिहीत आहे, काकाही सोबत आले आहेत. वेळ चार वाजून दहा मिनिटे. मालकांना मी सातवे कलम वाचून दाखवले. आवाज दोनदा बसला, तेव्हा त्यांनी पाणी दिले नाही आणि थांब असेही म्हणाले नाहीत. सुतळी बाहेर पायरीखाली उभा होता. आत ये म्हणण्याचा हक्क माझा नव्हता. वाचून संपल्यावर मालक उठून स्वतः पायरी उतरले. रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, ते दोघे काय बोलले ते मला ऐकू आले नाही. म्हणून ते इथे लिहीत नाही. परत आले तेव्हा मालक एकटेच होते. सुतळी मी वाटेत दिलेली खोलीची किल्ली घेऊन सेटअप आणायला गेला, असे त्यांनी सांगितले, आणि पेन मागितले.

बाईंचा काउंटर पाचला बंद होतो. त्यांना मालकांनी सांगावे असे मी सुचवले होते, ते त्यांनी नाकारले. दवाखान्याच्या वाटेवर मीच सांगणार आहे. मॅच अजून उघडलेली नाही आणि कदाचित उघडणारही नाही, हेही सांगणार आहे.

वरील आठही कलमे मी पुन्हा वाचली. ती माझीच आहेत.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : (सही)

आम्ही दोघांनी त्याला आमच्यासमोर सही करताना पाहिले, आणि त्याच्यासमोर आम्ही सह्या केल्या. या कागदाने आम्हा दोघांपैकी कोणाचा फायदा होऊ नये म्हणून कलम चार खोडले आहे; ही तिसरी खाडाखोड, तिथेही त्याची सही आहे. हत्यारे व वह्या कोणाला द्यायच्या ते ताईने ठरवावे.

साक्षीदार पहिला : घड्याळवाले काका (सही)

साक्षीदार दुसरा : दुकानाचे मालक (सही)

ठिकाण : दुकानाचा काउंटर. तारीख चौदा, बुधवार, दुपारचे साडेचार.

साक्षीदार दुसरा यांच्या हातचा शेरा : मी ऐकले. तीन वर्षांपूर्वी मी एकालाच विचारले आणि दुसऱ्याला काढले, ती चूक माझी, ती मी त्याला सांगितली. हा मुलगा उद्या वाचावा. वाचला तर माझ्या दुकानात त्याला जागा नाही. तरी वाचावा.