पुसलेला नववा टप्पा

प्रिय दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (माझी कंबर हल्ली वाकली की तिथेच मुक्काम करते, तेव्हा अर्धाच समज.) वहिनी बऱ्या असतील, तुझं पित्तही शांत असेल, निदान हे पत्र फोडेपर्यंत.

शिवणयंत्राचा खण आवरताना बटणांच्या डबीत आपल्या व्हिडिओ गेमचं मेमरी कार्ड सापडलं. त्यावर तुझ्या अक्षरातली 'हात लावू नये' ही चिकटपट्टी अजून आहे. भांडण आठवतं ना? तू नवव्या टप्प्यावर पोचला होतास. परीक्षा संपल्यावर कार्ड लावलंस तर तुझा साठवलेला खेळ गायब. तू माझ्यावर आळ घेतलास, मी घर डोक्यावर घेतलं. पुढे शिकायला बाहेर पडताना तू गेम घेऊन गेलास आणि मी कार्ड लपवलं (इतकं नीट, की मलाच सापडेना). तेव्हापासून फोनवर आपलं फक्त हवापाणी, आणि गेली चार वर्षं तू घरी फिरकलेला नाहीस. खरं सांगतो, मला ते दिवस फार आठवतात. एका पांघरुणात दोन डोकी, आणि पाळी कोणाची यावरून मारलेली कोपरं.

कार्ड मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने आधी कार्डाचं वय विचारलं, मग माझं. शेवटी अडगळीतून कसलासा जुना रीडर काढून कॉम्प्युटरला जोडला. आत दोन खेळ निघाले, त्यांत तुझा नाही. तेव्हा कबूल करतो, तुझा खेळ मीच पुसला. माफ कर आणि घरी ये. आई ठणठणीत आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. वरचा कबुलीजबाब आईने शेजारी बसून लिहून घेतला. आत्ता ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आहे, म्हणून घाईत खरं लिहितो. दोन खेळांपैकी एक माझा. दुसऱ्यावरची तारीख ऐन परीक्षेतली, वेळ भर दुपारची. तेव्हा आपण दोघं पेपर लिहीत होतो आणि जप्त केलेला गेम आईच्या कपाटात होता. विचारलं तर म्हणाली, "कार्ड भरलं होतं रे. वरचा पुसला की जागा होते, एवढंच मला कळलं." इतकी वर्षं ब्र काढला नाही, कारण तू रागावशील ही धास्ती.

ता.क. २. येताना गेम आण. ती अकराव्या टप्प्यावर अडकली आहे. (तुझ्या दोन पुढे.) तिला काही बोलू नकोस. बोलायचंच असेल तर मला बोल, मी सरावलोय.