झुंबरच्या दंडावरचा वण

बीबी, ता. ९ फेब्रुवारी १९२६

ती. रू. शालिग्रामदादांच्या चरणी धाकट्या मंजुळेचा दंडवत, वि. वि.

आम्ही सारे खुशाल. मेहकरच्या दवाखान्यात कंपौंडर झाल्यापासून तुम्हाला बहिणीची आठवण राहिली नाही, की बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून बोटं दुखतात?

गावात देवीची साथ आली आहे. खालच्या आळीत दोन पोरं अंथरुणावर आहेत. सासूबाईंनी घरातली फोडणी बंद केली, दाराला कडुनिंब बांधला. मला मात्र झुंबरची काळजी नाही. मागच्या हिवाळ्यात पोरीला चावडीवर टोचून आणलं होतं. टोचणारा देवीडॉक्टर वेशीबाहेर पडतो न पडतो तोच सासूबाईंनी तिचा दंड कडुनिंबाच्या पाण्याने घासून धुतला. ना फोड आला, ना ताप, साधा डागसुद्धा राहिला नाही. त्यांच्या हाताला गुण आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहे ती तशीच राहू द्यावी.

तुमची मंजुळा


मेहकर, ता. १२ फेब्रुवारी

चि. सौ. मंजुळेस शालिग्रामचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी हातातलं काम टाकलं. हे पत्र ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतो आहे. डाग राहिला नाही म्हणजे टोचणी लागलीच नाही. सासूबाईंनी लस धुऊन टाकली. सरकारी वहीत झुंबर टोचलेली असेल, पण देवी वही वाचून येत नाही.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला एकदा काचेखाली रक्त दाखवलं. त्यात पांढरे कण असतात. ते रोगाशी झुंजतात. एकदा झुंजलेलं रक्त त्या रोगाला ओळखून असतं, म्हणून देवी येऊन गेलेल्या माणसाला ती पुन्हा येत नाही. लस ही गाईच्या देवीची, अगदी सौम्य. पैलवानाने आखाड्यात बारक्या गड्याशी सराव करावा तसा रक्ताला तिच्याशी सराव होतो. दंडावर फोड येतो तो या झुंजीचाच. आपल्या झुंबरला सराव मिळालाच नाही.

सोमवारी देवीडॉक्टर लोणारला आहे. पोरीला घेऊन जा. आणि हात कोणाला धुऊ देऊ नकोस.

तुझ्यावर रागावलेला, पण तुझाच,
दादा


बीबी, ता. १६ फेब्रुवारी

ती. रू. दादांस मंजुळेचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र रविवारी मिळालं. त्याच्या आदल्या दिवशीच शेजारच्या खुर्शीदाबींच्या नातवाच्या अंगावर फोड उठले होते, आणि झुंबर त्याच दिवशी सकाळभर त्याच्या वाकळेवर बसून त्याच्याशी खेळली होती.

सासूबाईंना लोणारचं सांगितलं तर त्या कडाडल्या. "देवी गावात बसली हाये, अन् तू तिले सुई दाखवतं काय?" देवी असताना वेस ओलांडायची नाही, असंही बजावलं. खुर्शीदाबींच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण आहेत. त्यांनी कुंपणापलीकडून सांगितलं, की आजवर पाच घरांची आजारी पोरं मी मांडीवर घेतली, मग देवी मला पुन्हा का शिवली नाही, हे तुझ्या सासूला विचार. मी विचारलं. त्या दाराचा कडुनिंब बदलायला उठल्या.

मग मीच बोलले. "कोप आला तं माह्यावर येऊ द्या. पोरीले मी नेतोच."

घरच्यांनी, झुंबरच्या वडिलांनी, आईला न विचारताच सोमवारी सकाळी दारात बैल जुंपले. झुंबरला चार ठिकाणी टोचलं. परत आलो तर सासूबाई अंगणात लोटा घेऊन उभ्या. मी लोटा घेतला, पाणी ओतून टाकलं आणि रिकामा लोटा त्यांच्या हाती दिला. दादा, लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. आता त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. न घेवोत. मी पोरीजवळून हलणार नाही.

मुलीवर आशीर्वाद असू द्या. मला धीर आहे.

मंजुळा


मेहकर, ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. मंजुळेस आशीर्वाद.

शाब्बास. उकंडरावांनाही माझा रामराम सांग, जावई निवडताना आम्ही चुकलो नाही.

खोटा धीर देत नाही. आजाऱ्याशी संबंध आल्यावर तीन-चार दिवसांत टोचलं तर बहुतेक वेळा टोचणी देवीच्या आधी पोचते. तुम्ही दोनच दिवसांत टोचलंत. आठव्या दिवशी फोड भरला आणि थोडा ताप आला तर घाबरू नकोस, रक्त कामाला लागलं असं समज. घरात फार जाच झाला तर इकडे निघून ये. भावाचं दार तुला कायमचं उघडं आहे.

दादा


बीबी, ता. १० मार्च

ती. रू. दादांस मंजुळेचा नमस्कार, वि. वि.

आठव्या दिवशी फोड टच्च भरला आणि ताप चढला. सासूबाईंनी देवी आली म्हणून साऱ्या आळीला सांगितलं. बाया मला दारातून बोल लावून गेल्या. मी दंड झाकला नाही. पोरीला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, नीट पाहून घ्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता खपली पडून वण राहिला आहे.

खुर्शीदाबींचा नातू वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. गावात सहा पोरं गेली. झुंबरच्या अंगावर दंडाखेरीज दुसरा फोड नाही.

काल सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. झुंबरचा दंड हातात घेऊन वणावरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, की घरच्यांच्या पाठीवर त्यांना दोन मुली झाल्या होत्या, दोघी एकाच आठवड्यात देवीत गेल्या. इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याही पोरींना टोचलं होतं, आणि त्यांचेही हात यांनीच धुतले होते. नसते धुतले तर त्या जगल्या असत्या का, असं त्यांनी मला विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण गावात अजून टोचायची पोरं आहेत, आणि त्यांच्या आज्या सासूबाईंचंच ऐकतात. मी हो म्हटलं, दादा. त्यानंतर त्या कितीतरी वेळ रडल्या, आणि मी त्यांना धरून बसले होते.

तुमची,
मंजुळा